दोन भाऊ, दोन याद्या

पिंपळे गुरवमध्ये पवनेच्या अंगाला तीन गुंठे जमीन होती. 1974 साली तिथे पाणी चढायचं, म्हणून ती फुकट दिली तरी कुणाला नको होती. पुढे रस्ता आला, सोसायट्या आल्या, आणि आबा गेल्यावर त्या तीन गुंठ्यांना दोन मालक निघाले. आबांचे मुलगे नाना आणि बापू, सख्खे भाऊ. दोघांकडेही आबांच्या नावची वाटणीची यादी, दोन्हींवर तारीख 1974 ची. नानांच्या यादीत नदीकडचा तुकडा नानांचा, बापूंच्या यादीत बापूंचा.

बनावट मुद्रांक घोटाळ्यातल्या तेलगीला 2007 साली पुण्याच्या विशेष न्यायालयाने शिक्षा सुनावली, तेव्हापासून इकडच्या माणसाचा कागदावरचा भरवसा उडालाय. नाना त्यातलेच. कोर्टाआधी तज्ज्ञाकडून तपासून घेऊ म्हणाले. बापूही तयार झाले. तज्ज्ञ म्हणजे कागद कारखान्यात हयात घालवून निवृत्त झालेले एक रसायनवाले. “आबांच्या काळचा नमुना म्हणून ही ठेवा,” असं सांगून नानांनी त्यांच्यापुढे आबांची दुधाच्या हिशेबाची वहीही ठेवली.

तज्ज्ञांनी अक्षराकडे पाहिलंच नाही. कागद नुसत्या लगद्याचा नसतो, त्यात भर घालतात, आणि भर काळाप्रमाणे बदलते. जुन्या लिहायच्या कागदात चिनी माती नाहीतर शंखजिरं, आणि शाई फुटू नये म्हणून राळ नि तुरटी. क्ष-किरणांखाली अशा कागदात ॲल्युमिनियम, सिलिकॉन, मॅग्नेशियम दिसतं. तुरटीच्या आम्लानेच तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो. हल्लीच्या झेरॉक्सच्या कागदात बहुधा चुनखडीची भर, म्हणजे कॅल्शियम, आणि त्याच्या शेपटाला धरून येणारं स्ट्रॉन्शियम.

बापूंची यादी कॅल्शियमने भरलेली निघाली. अतिनील दिव्याखाली तर ती निळीभोर उजळली.

“हिटलरच्या रोजनिशा अशाच पकडल्या,” तज्ज्ञ म्हणाले. “1983 साली जर्मनीच्या ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने मोठा गाजावाजा करून छापल्या. सरकारी अभिलेखागाराने तपासलं, तर कागदात महायुद्धानंतर वापरात आलेलं पांढरं करणारं द्रव्य. हा कागदही 1974 चा नाही.”

नानांच्या कागदात माती होती, तुरटी होती, पिवळेपणाही होता. नानांची मान ताठ झाली. बापू पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, “मूळ यादी वाळवीनं खाल्ली. उरली होती त्यावरून मी नवीन उतरवली. तारीख होती तीच घातली.” असल्या खुलाशावर कोण विश्वास ठेवणार? नानांनी तर नाकच उडवलं.

पण तज्ज्ञांचं काम संपलं नव्हतं. कारखान्याचं पाणी, मातीची खाण, लाकूड या प्रत्येकाचा अंश कागदात दशलक्षात काही भाग एवढा उतरतो. मँगनीज, लोह, मातीसोबत येणारं लँथॅनम नि सीरियम. हे प्रमाण जुळलं म्हणजे कागद तोच, असं छातीठोक म्हणता येत नाही. एकाच गिरणीच्या दोन घाण्यांतही फरक पडतो. तरी नानांची यादी आणि दुधाची वही यांचे आकडे इतके जवळ आले, की तज्ज्ञांनी वही शिवणीपर्यंत उघडली. एक पान फाटलेलं होतं. शिवणीत उरलेली कडेची चिंधी नानांच्या यादीला दातात दात बसावा तशी बसली.

“पान जुनंच आहे,” तज्ज्ञ म्हणाले, “पण वहीत अजून पंधरावीस कोरी पानं आहेत. जुन्या कोऱ्या पानावर काल लिहिलं तरी कागद जुनाच निघणार. कागद कधी बनला एवढंच मी सांगतो. शाई नि अक्षर बघणारे वेगळे. वही कुणाकडे असते?”

नाना गप्प बसले.

संध्याकाळी घरी आत्या भाकरी थापत होत्या. वय सत्तरीच्या पुढे, पण कान तिखट. अहवाल वाचला जात होता. स्ट्रॉन्शियम, सीरियम वगैरे नावं त्यांनी मुकाट ऐकून घेतली.

“वाटणी झाली तवा तुम्ही दोघं पोरं होता,” त्या म्हणाल्या. “आबा सांगत होता, गावातला एक जण लिहीत होता, चहा मी दिला. नदीकडचं बापूला, कारण गावठाणातलं घर नानाला दिलं हुतं. एवढी वर्षं याच घरात हाय मी. कुणी विचारलं का मला?”

“आत्या, तुझी साक्ष बहिणीची, कोर्टात...” नाना अडखळले.

“कोर्टाचं मला नको सांगू. तुला ठावं हुतं का नव्हतं, ते सांग.”

नानांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो तसाच ताटात ठेवला. मग म्हणाले, “होतं.”

पुढच्या महिन्यात सरकारी मोजणी झाली, बापूंच्या नावाने खुणा रोवल्या गेल्या. स्वतः नाना मोजणीदाराबरोबर उन्हात उभे होते. तज्ज्ञांची फी कुणी भरायची, यावर मात्र दोघा भावांचं अजून जमलेलं नाही.