भार कोणी वाहावा

जे साधन माणसाचे ओझे उचलते ते पूजेला पात्र आहे काय, आणि असेल तर त्या पूजेत मान नेमका कोणाला दिला जातो, हा प्रश्न वरवर पाहता कर्मकांडाचा वाटला तरी त्याची मुळे कर्तृत्वाच्या आणि श्रमाच्या तत्त्वविचारात रुजलेली आहेत. चेन्नईच्या पश्चिमेला असलेल्या अंबत्तूरमध्ये हा प्रश्न दरवर्षी आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे महाराष्ट्रातील खंडेनवमीला, प्रत्यक्ष रूप घेतो. तत्कालीन मद्रास सरकारने १९६४ साली वसवलेल्या तेथील औद्योगिक वसाहतीतील लहानमोठे कारखाने त्या दिवशी यंत्रे बंद ठेवून धुतात, लेथ, प्रेस, क्रेन आणि फोर्कलिफ्ट यांना चंदन-कुंकू लावतात, चुरमुरे व डाळ्यांचा नैवेद्य दाखवतात आणि उंबऱ्यासमोर कोहळा फोडतात. तमिळनाडूत या विधीला आयुधपूजा म्हणतात. तेथून फार दूर नसलेल्या सेंबियम येथे ट्रॅक्टर्स अँड फार्म इक्विपमेंट, म्हणजे टॅफे, ही १९६०मध्ये मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने स्थापन झालेली कंपनी ट्रॅक्टर बनवत आली आहे, आणि शेजारच्या पाडी येथे गाड्यांची चाके, ब्रेक व विजेची उपकरणे तयार होतात. ज्या भागात एके काळी तळ्यांच्या पाण्यावर भात पिकत असे, त्या भागात आता भातशेतीतील ओझे हलवणाऱ्या वाहनांचे अवयव घडतात, आणि म्हणूनच ओझे व साधन यांचा विचार येथून सुरू करणे सयुक्तिक ठरते.

या विचारासाठी वैरणीचा गोल गठ्ठा हे उदाहरण विशेष बोलके आहे. कापलेले गवत किंवा मळणीनंतर शेतात पडलेला पेंढा गोळा करून, त्याची वळकटी करून, सुतळीने अथवा जाळीने आवळून बाहेर टाकणाऱ्या यंत्राला बेलर म्हणतात. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील पेल्ला या गावी गॅरी व्हर्मियर यांनी १९७१ साली मोठे गोल गठ्ठे बांधणारे बेलर तयार केले, त्यामागे एकट्या माणसाला गवताचे सारे काम पेलता यावे हा हेतू होता. तो साध्य झाला. परंतु त्याच क्षणी वैरणीच्या मापाचा आधारच बदलला. महाराष्ट्रात कडब्याची पेंढी किती मोठी बांधायची हे आजवर बांधणाऱ्याच्या कवेवर आणि वाहणाऱ्याच्या डोक्यावर ठरत आले होते, म्हणजे मनुष्याचे शरीर हेच तिचे परिमाण होते. नव्या गठ्ठ्याचे वजन मात्र सामान्यतः चारशे ते सहाशे किलोच्या घरात गेले. ते माणसाला उचलता येणे आता अपेक्षितच नव्हते, आणि यंत्राची उचलण्याची शक्ती हीच ओझ्याची मर्यादा झाली. यंत्र ओझे कमी करते असे म्हटले जाते, पण येथे यंत्राने आधी ओझे वाढवले आणि मग ते उचलण्यासाठी स्वतःला अपरिहार्य केले, ही गोष्ट कोणत्याही नैतिक विवेचनात आधी नोंदवली पाहिजे.

असा गठ्ठा हलवण्याची साधने तशी साधी आहेत. ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेल्या दोन उचल-बाहूंना, ज्यांना मिळून लोडर म्हणतात, एक लांब पोलादी सुळा जोडला जातो आणि तो गठ्ठ्याच्या मध्यभागी खुपसून गठ्ठा उचलला जातो. दुसऱ्या प्रकारात सुळ्याऐवजी दोन बाजूंनी आवळणारा चिमटा असतो, तर तिसऱ्या प्रकारात सुळा ट्रॅक्टरच्या मागच्या जोडणीवर बसवतात. उचलण्याचे बळ तेलाच्या दाबातून येते. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकात पास्कालने मांडलेला नियम येथे कामी येतो, कारण त्यामुळे लहान दट्ट्यावर लावलेले थोडे बळ मोठ्या दट्ट्यावर अनेक पटींनी प्रकट होते. या सोयीच्या पोटातच धोका आहे. गठ्ठा जितका उंच जातो तितका ट्रॅक्टर आणि गठ्ठा यांचा एकत्रित गुरुत्वमध्य, म्हणजे सगळे वजन जेथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, वर सरकतो आणि उतारावर ट्रॅक्टर कलंडण्याची शक्यता वाढते. गठ्ठा गोल असल्याने तो बाहूंवरून मागे घरंगळून चालकावरही येऊ शकतो. म्हणून गठ्ठा जमिनीलगत ठेवून न्यावा, मागे प्रतिभार लावावा आणि चालकाच्या डोक्यावर संरक्षक चौकट असावी, असे नियम सांगितले जातात. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात सप्टेंबर २०१०मध्ये सुमारे सहाशे किलोचा एक गठ्ठा उतारावरून घरंगळत रस्त्यावरच्या गाडीवर आदळला आणि इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा या वाद्यवृंदाचे पूर्वीचे चेलोवादक माइक एडवर्ड्स जागीच मरण पावले. चारा ही जीव जगवणारी वस्तू आहे, पण माणसाच्या परिमाणाबाहेर गेल्यावर तीही जीव घेऊ शकते.

मग गठ्ठा उचलतो कोण? भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, म्हणजे ज्याच्या आश्रयाने कर्म घडते ते शरीर, कर्ता, म्हणजे मी करतो असे मानणारा जीव, करण, म्हणजे नानाविध साधने, चेष्टा, म्हणजे निरनिराळ्या हालचाली, आणि पाचवे दैव. या पाचांपैकी केवळ स्वतःलाच कर्ता समजणारा मनुष्य नीट पाहत नाही, असा तेथील निष्कर्ष आहे, आणि ज्ञानेश्वरीने या प्रकरणाचा मराठीत सविस्तर विस्तार केला आहे. प्राचीन टीकाकारांनी करण या पदाने मुख्यतः इंद्रिये घेतली, परंतु तोच विचार बाह्य साधनांपर्यंत नेण्यात तत्त्वतः अडचण नाही. लोडरच्या बाबतीत पाहिले तर खटका ओढणारा चालक, पोलाद ओतणारा ओतकाम कामगार, दट्ट्याचे सील बसवणारा फिटर, तेल, उतार आणि त्या दिवशीची जमिनीची ओल हे सर्व मिळून गठ्ठा उचलतात. गोवर्धनाच्या कथेत गोपांनी आपापल्या काठ्या पर्वताला लावल्या आणि तो आपणच तोलून धरला असे त्यांना वाटले, ही लोककथा मराठी घरांत पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. तिचा रोख गोपांच्या अहंकारावर आहे, काठी लावण्यावर नाही. आयुधपूजेचा अर्थ याच अंगाने लावणे योग्य वाटते. त्या दिवशी यंत्राला गंध लावणारा कामगार यंत्राला देव ठरवत नाही, तर आपल्या हातून जे घडते ते एकट्या आपल्या हाताचे नाही हे मान्य करतो. मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कर्तृत्व अनेकांत विभागले गेले म्हणजे उत्तरदायित्व नाहीसे झाले असे होत नाही. साधनाला इच्छा नसते म्हणून त्याला पापपुण्य लागत नाही. परंतु ते साधन कोणासाठी, कोणत्या मापाचे आणि कोणाच्या जिवावर वापरायचे हे ठरवणाऱ्याला ते निश्चितच लागते.

श्रमाचे माहात्म्य सांगणारी मराठी संतपरंपरा ओझे उचलणाऱ्या यंत्राला विरोध करील, असा समज काही वेळा आढळतो. अरण येथील सावता माळी यांनी मळ्यातील कामातच विठ्ठल पाहिला, या गोष्टीचा त्यासाठी आधार घेतला जातो. परंतु परंपरेने गौरव केला तो तन्मय होऊन केलेल्या कामाचा. पाठ मोडणाऱ्या भाराचा नव्हे. जनाबाईच्या चरित्रात विठ्ठल तिच्याबरोबर दळतो आणि शेण्या वेचतो, तर पैठणच्या एकनाथांच्या घरी देव श्रीखंड्या नावाचा गडी होऊन वर्षानुवर्षे पाणी भरतो. या कथांत भक्ताला भार सोसण्याचा उपदेश केलेला नाही. देव स्वतः येऊन भाराखाली खांदा देतो. एकनाथांनी रामेश्वरासाठी नेलेली गंगेची कावड तहानेने तळमळणाऱ्या गाढवाला पाजली, ही कथाही येथे आठवते. ते गाढव ओझी वाहणारे जनावर होते, आणि त्याची तहान भागवणे हेच तीर्थाचे सार ठरले. दुसऱ्याचे ओझे हलके करणे हे या परंपरेत दैवी कर्म आहे, हा निष्कर्ष त्यामुळे टाळता येत नाही, आणि ते कर्म पोलादाच्या सुळ्याने केले म्हणून कमी प्रतीचे ठरत नाही.

विसाव्या शतकात हा वाद अधिक तीव्र झाला. गांधीजींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’मध्ये यंत्रसंस्कृतीवर कठोर टीका केली, तरी १९२४मध्ये त्यांनी आपला आक्षेप यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे असे स्पष्ट केले आणि शिवणयंत्राचा अपवाद आनंदाने मान्य केला, कारण त्यामागे एका पतीचे आपल्या पत्नीचे कष्ट वाचवण्याचे प्रेम होते. तंजावरला जन्मलेले आणि वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचे शास्त्र उभे करणारे जे. सी. कुमारप्पा यांनी बैलावर आधारलेली शेती हीच टिकाऊ अर्थव्यवस्था मानली. सेंबियमची ट्रॅक्टर कंपनी ज्या १९६० साली निघाली त्याच वर्षाच्या ३० जानेवारीला त्यांचे निधन झाले. विनोबा भावे यांची भूमिका त्याहून वेगळी आणि, प्रस्तुत प्रश्नापुरती, अधिक मूलगामी आहे. पवनारच्या परंधाम आश्रमात १९५०च्या सुमारास त्यांनी कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशाच्या व्यवहारातून बाहेर पडण्याचा प्रयोग केला आणि त्यासोबत ऋषिशेती आरंभली. ऋषिशेती म्हणजे बैलांना न जुंपता केवळ कुदळ-फावड्याने आणि हातांनी केलेली शेती. विहिरीवरचा रहाटही आश्रमवासीच फिरवीत असत. बैलपोळ्याला ज्याची पूजा करायची त्याच बैलाच्या मानेवर उरलेले वर्षभर जू ठेवायचे, या विसंगतीला प्रत्यक्ष आचरणातून दिलेले ते उत्तर होते. तरीही विनोबांनी यंत्रांचा सरसकट निषेध केला नाही. वेळ वाचवणारी, संहारक आणि उत्पादक असे प्रकार करून, उत्पादक यंत्रांत माणसाच्या श्रमाला पूरक कोणती आणि त्याचा रोजगार मारणारी कोणती हे देशकालानुसार तपासावे, असे त्यांनी सांगितले. आज एखादे यंत्र पूरक असेल आणि उद्या मारक होईल, हे त्यांनी उघडपणे मान्य केले, आणि या वादात इतरांहून त्यांचे विवेचन अधिक उपयोगी ठरते ते याच कारणाने.

ही कसोटी लावली असता तमिळनाडूतील परिस्थिती अमेरिकेहून पुष्कळच गुंतागुंतीची दिसते. कावेरीच्या खोऱ्यात भाताची कापणी आता मोठ्या प्रमाणावर हार्वेस्टरने होते. हार्वेस्टर पेंढा विस्कटून टाकत असल्याने तो गोळा करायला बेलर लागतो, म्हणजे एक यंत्र दुसऱ्याला बोलावून आणते. तेथील बेलर लहान असतो आणि त्याचा गोल गठ्ठा बहुधा पंधरा ते तीस किलोंचा, म्हणजे एका माणसाला उचलता येईल असा असतो. माणसाचे परिमाण टिकले याचा येथे आनंद मानावा, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु असे शेकडो गठ्ठे एका दिवसात शेतातून बांधावर आणि बांधावरून मालमोटारीत चढवायचे असतात, आणि तेथे लोडर नसून रोजंदारीवरचा मजूर असतो. चारशे किलोचा गठ्ठा उचलण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. वीस किलोचा मात्र दिवसभर उचलायला लावता येतो. मोठे ओझे यंत्राला आणि त्याच्या आगेमागे उरलेले सुटे ओझे गरिबाच्या पाठीला, अशी ही वाटणी आहे, आणि ती न्याय्य म्हणता येत नाही.

महाराष्ट्राने या अन्यायाचे एक उत्तर शोधले होते, ते कायद्याच्या भाषेत होते. डोक्यावर माल वाहणाऱ्या कामगारांसाठी अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या लढ्यातून १९६९चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम आला, आणि नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी व वैद्यकीय मदत या गोष्टी डोईवरच्या ओझ्याला जोडल्या गेल्या. पुण्याच्या हमाल पंचायतीने शंभर किलोच्या पोत्याविरुद्ध आवाज उठवून त्याऐवजी पन्नास किलोची मागणी लावून धरली. ओझ्याला वरची मर्यादा असली पाहिजे, ही त्या मागणीतील धारणा अर्थशास्त्राइतकीच धर्मविचाराचीही आहे, कारण युक्त आहार आणि युक्त विहार सांगणाऱ्या परंपरेत युक्त भार हा विषय बाहेरचा असू शकत नाही. या चळवळींना आध्यात्मिक साहित्यात जेवढे स्थान मिळावयास हवे होते तेवढे मिळाले नाही, ही उणीव आहे आणि ती भरून काढणे हे आजच्या मराठी धर्मचिंतकांचे कर्तव्य आहे.

या सर्व विवेचनावरून निर्णय स्पष्ट आहे. ओझे उचलणारे साधन पूजेला पात्र आहे, परंतु भार खरोखर कमी करण्यापुरतेच. तो केवळ एका पाठीवरून दुसऱ्या, अधिक दुबळ्या पाठीवर सरकवणारे साधन, त्याला कितीही चंदन लावले तरी, पूजेला पात्र ठरत नाही. साधन ज्याच्या मालकीचे त्याचेच कष्ट वाचावेत हेही पुरेसे नाही. टॅफेने २०२०च्या टाळेबंदीत तमिळनाडूतील लहान शेतकऱ्यांना ट्रॅक्टर व अवजारे विनामूल्य वापरायला दिली होती, त्यावरून साधन एकाचे असूनही उपयोग अनेकांचा असू शकतो हे दिसते. गावोगावच्या शेतकरी गटांनी आणि सहकारी संस्थांनी बेलर विकत घेताना गठ्ठे उचलून गाडीत चढवण्याचे साधन त्याच अंदाजपत्रकात धरावे, ते चालवण्याचे शिक्षण आजवर डोक्यावर पेंढा वाहत आलेल्या मजुरालाच प्रथम द्यावे, आणि खंडेनवमीला त्या साधनाला गंध लावण्याचा मानही त्याच्याकडे द्यावा.