दार फोडण्याची घाई

गुन्हेमालिकेतला ओलीसनाट्याचा भाग खुनाच्या भागासारखा पाहिला जात नाही. खुनाच्या भागात गुन्हा घडून गेलेला असतो, मेलेल्या माणसाचे आणखी काही बिघडणार नसते आणि ‘कोणी केले’ या कोड्यात प्रेक्षक रमतो. ओलीसनाट्यात कोडे नसते. गुन्हेगार समोर उभा असतो, त्याची मागणी सगळ्यांना ठाऊक असते आणि गुन्हा अजून चालू असतो. प्रश्न एकच उरतो: पोलिसांनी आता काय करावे? त्यामुळे भाग संपल्यावर घराघरांत जी मते मांडली जातात ती अभिनयाविषयी किंवा पटकथेविषयी असल्यासारखी वाटली, तरी खरे पाहता ती शासनाने कसे वागावे याविषयीची असतात. एक पक्ष म्हणतो, इतका वेळ बोलत कशाला बसले, आत घुसायला हवे होते. दुसरा म्हणतो, घुसले म्हणूनच माणूस गेला. पहिला पक्ष नेहमीच मोठा असतो.

हा पक्ष मोठा का, याचे एक उत्तर मालिकांच्या घडणीत आहे. २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झालेली ‘सीआयडी’ ऑक्टोबर २०१८ पर्यंत वीस वर्षे चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा आली. दिग्दर्शक बी. पी. सिंग आणि अभिनेते शिवाजी साटम यांनी त्याआधी मुंबई दूरदर्शनवरच्या ‘एक शून्य शून्य’ या मराठी मालिकेत एकत्र काम केले होते. ‘सीआयडी’तून लोकांच्या तोंडी कायमचे बसले ते इन्स्पेक्टर दयाला दिलेले दार तोडण्याचे फर्मान. खुनाच्या तपासात ते दार तुटले तर फार तर कुलूप वाया जाते. ओलिसांच्या बाबतीत मात्र दार तोडणे हा सगळे उपाय हरल्यानंतरचा उपाय असतो, कारण दाराच्या आत जिवंत माणसे असतात. मालिकेने लावलेली सवय प्रेक्षक दुसऱ्या प्रकारच्या गोष्टीत जशीच्या तशी घेऊन जातो.

पण सगळा दोष दूरचित्रवाणीवर टाकता येत नाही. ही आवड जुनी आहे, आणि तिचा माग चिखलदऱ्यापर्यंत काढता येतो. मेळघाटातल्या या गावाची लोककथा अशी की भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत फेकले. जवळचे वैराट हे ठिकाण विराट राजाशी जोडले जाते. महाभारतातली मूळ कथा ओलीसनाट्याच्या बरीच जवळची आहे. अज्ञातवासात सैरंध्री झालेली द्रौपदी राजवाड्यात अडकलेली आहे. कीचक भर सभेत तिला लाथ मारतो, तेव्हा कंकाच्या वेषातला युधिष्ठिर तिला धीर धरायला सांगतो, कारण अज्ञातवास संपायला थोडेच दिवस उरले आहेत. भीम थांबत नाही. कीचक मारला गेल्यावर त्याचे भाऊबंद सैरंध्रीला बांधून, प्रेताबरोबर जाळण्यासाठी स्मशानात नेतात आणि भीम झाड उपटून तिची सुटका करतो. युधिष्ठिराचा हिशेब चुकीचा नव्हता. ओळख उघडी पडली असती तर पाचही पांडवांना पुन्हा वनवास होता. तरीही या कथेत युधिष्ठिरासाठी टाळी वाजत नाही.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ साली ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणले, तेव्हा प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन, द्रौपदीत देश, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल पाहिले. सरकारलाही तसेच दिसले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. पौराणिक नाटक पाहता पाहता प्रेक्षक राजकीय मत बनवत होता, आणि ते मत थांबणाऱ्याच्या विरोधात होते. परक्या सत्तेखाली त्याला अर्थ होता. आजचा प्रेक्षक तोच कौल स्वतःच्या पोलिसांना लावतो, तेव्हा परिस्थिती मात्र अगदी उलटी असते: बळ पोलिसांकडे असते आणि धोका ओलिसांना.

वाटाघाटीचे शास्त्र फार जुने नाही. सप्टेंबर १९७२ मध्ये म्युनिक ऑलिम्पिकमध्ये इस्रायलच्या पथकातले ११ जण मारले गेले. त्यांतले दोघे सुरुवातीच्या हल्ल्यातच गेले होते. उरलेले नऊ ओलीस विमानतळावरच्या फसलेल्या सुटकेत गेले. त्या धक्क्यानंतर न्यूयॉर्क पोलिसांनी वाटाघाटीसाठी खास पथक उभे केले. त्यामागे हार्वी श्लॉसबर्ग हा मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला डिटेक्टिव्ह आणि फ्रँक बोल्झ हा अधिकारी होता. जानेवारी १९७३ मध्ये ब्रुकलिनमधल्या खेळसाहित्याच्या दुकानात ४७ तास वेढा चालला. सुरुवातीच्या गोळीबारात एक पोलीस मेला, पण ओलीस सगळे वाचले. या पद्धतीचा पाया साधा आहे. वेळ जाईल तसा ओलीस धरणारा थकतो, त्याला भूक लागते, राग ओसरतो, आणि आतल्या माणसांशी त्याची थोडीफार ओळख होते. ओळख झालेल्या माणसाला मारणे अनोळखी माणसाला मारण्यापेक्षा अवघड जाते. म्हणून बोलणारा अधिकारी निर्णय घेणारा नसतो. ‘वरिष्ठांना विचारतो’ असे म्हणून त्याला वेळ काढता आला पाहिजे. मालिकेत नेमके उलटे दिसते. सर्वांत मोठा अधिकारी स्वतः कर्णा हातात घेतो, दोन वाक्यांत इशारा देतो आणि जाहिरातीनंतर छपरावरून माणसे उतरतात. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या भागात ४७ तासांचा कंटाळा मावत नाही, ही अडचण खरीच. पण वाचवणारी गोष्ट तो कंटाळाच आहे, आणि प्रेक्षक ज्या भागाला ‘रटाळ’ म्हणतो तो बहुधा सर्वांत खरा असतो.

ओलीस धरणाऱ्याची बाजू घेणारे तिसरे मतही असते. ऑगस्ट १९७३ मध्ये स्टॉकहोममधल्या बँकेत सहा दिवस अडकलेल्या ओलिसांना पोलिसांचीच जास्त भीती वाटू लागली आणि त्यातून ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ हा शब्द निघाला. तो आता फार सैलपणे वापरला जातो; गोळीबाराची वेळ आली तर आतल्या माणसाने पोलिसांना भ्यावे, यात आजार कसला? पडद्यासमोरच्या माणसाची सहानुभूती मात्र निराळी असते. निशिकांत कामत यांच्या ‘मदारी’ (२०१६) या चित्रपटात पूल कोसळून मुलगा गमावलेला बाप गृहमंत्र्याच्या मुलाला पळवतो आणि प्रेक्षक जवळजवळ शेवटपर्यंत बापाच्या बाजूने राहतो. भीती नसताना उपजलेली ही सहानुभूती त्या कृत्याला मान्यता देत नाही. ज्याचे गाऱ्हाणे कुणी ऐकले नाही त्याला ती दाद देते.

खऱ्या प्रसंगात हे तिन्ही पक्ष एकाच माणसात नांदतात. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेले विमान पळवले गेले, तेव्हा प्रवाशांचे नातेवाईक दिल्लीत रस्त्यावर उतरले आणि काय हवे ते द्या पण माणसे आणा, असे सरकारला सांगत राहिले. ३१ डिसेंबरला तीन अतिरेकी सोडून प्रवासी परत आले आणि त्यानंतरची पंचवीस वर्षे त्याच निर्णयाला शरणागती म्हटले गेले. अपहरणकर्त्यांनी सुरुवातीला ३६ कैदी आणि २० कोटी डॉलर मागितले होते, ते तीन कैद्यांवर आले ते विमान कंदाहारला उभे असताना झालेल्या बोलण्यामुळेच, याची आठवण क्वचितच काढली जाते. २०२४ मध्ये या घटनेवर मालिका आली तेव्हाही वाटाघाटींपेक्षा जास्त भांडण झाले ते अपहरणकर्त्यांच्या भोला आणि शंकर या टोपणनावांवरून. ती नावे खरोखर वापरली गेली होती आणि जानेवारी २०००च्या सरकारी निवेदनातही होती. शेवटी मालिकेच्या आरंभी खरी नावे द्यावी लागली.

प्रेक्षकाच्या उतावीळपणाची खरी किंमत दिसली ती थेट प्रक्षेपणात. म्युनिकमध्ये छपरावर चढणारे पोलीस अतिरेक्यांना खोलीतल्या दूरचित्रवाणीवर दिसले आणि ती मोहीम सोडून द्यावी लागली. छत्तीस वर्षांनी मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात तेच घडले. २८ नोव्हेंबर २००८ रोजी नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो देशभर पाहिले गेले. पाकिस्तानात बसलेले सूत्रधारही वाहिन्या पाहून फोनवर सूचना देत होते. २९ ऑगस्ट २०१२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांवर कडक ताशेरे ओढले. मार्च २०१५ मध्ये केबल टेलिव्हिजनच्या नियमांत बदल झाला आणि दहशतवादविरोधी कारवाईचे थेट चित्रण बंद होऊन, नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी माहिती द्यायची पद्धत आली. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी पवईतल्या एका स्टुडिओत ऑडिशनसाठी आलेल्या १७ मुलांना ओलीस धरले गेले. ओलीस धरणाऱ्याने चित्रफितीत पैसे मागितले नव्हते. काही जणांशी बोलायचे आहे असे म्हटले होते. मुले सुखरूप सुटली आणि तो पोलिसांच्या गोळीने मेला. त्याच संध्याकाळी एकीकडून शाबासकी आणि दुसरीकडून ‘गोळी पायावर का नाही’ अशी विचारणा सुरू झाली. आतल्या खोलीत नेमके काय झाले हे दोन्हीकडच्यांपैकी कुणी पाहिले नव्हते.

मुंबईत निदान ‘फोर्स वन’ हे खास पथक आहे आणि राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे केंद्रही आहे. सुमारे पाच हजार वस्तीच्या चिखलदऱ्यात असा प्रसंग आला, तर परतवाड्याहून घाट चढून कुमक येईपर्यंत दारापुढे उभा राहील तो ठाण्यातला हवालदार, फार तर ठाणेदार, आणि त्याच्यासोबत गावचा पोलीस पाटील. कोरकू पाड्यात तर बोलणी त्यांच्या भाषेत करू शकणारा माणूस हेच मोठे शस्त्र. मेळघाटाला अडलेल्या बोलण्याचा अनुभवही आहे: जानेवारी २०१९ मध्ये व्याघ्र प्रकल्पातून अकोला जिल्ह्यात हलवलेले गावकरी मागण्या अपुऱ्या राहिल्या म्हणून जंगलात परतले, तेव्हा वनकर्मचाऱ्यांशी झालेल्या संघर्षात दोन्हीकडचे लोक जखमी झाले. असा हवालदार, असा पोलीस पाटील गुन्हेमालिकेत नायक म्हणून येत नाही. मराठी पटकथाकारांनी एक भाग त्याच्यासाठी लिहावा, आणि त्यात दार शेवटपर्यंत शाबूत ठेवावे.