काठाकाठानं

थंडी आणि कुत्रा या दोन गोष्टींपासून मी आयुष्यभर चार हात लांब राहत आलो आहे. पुण्यात ते जमतं. थंडी पडली की कानटोपी चढवावी आणि कुत्रं दिसलं की गल्ली बदलावी. पण लेक अमेरिकेत दिली आणि म्हातारपणी या दोन्ही गोष्टी एकदमच वाट्याला आल्या.

लेकीचं घर मेरीलँड राज्यात. शेजारी माझ्यासारखेच एक निवृत्त गृहस्थ. फरक एवढाच, की निवृत्तीनंतर मी सकाळी दूध आणतो आणि ते कुत्र्याला बदक आणायला शिकवतात. कुत्रा काळा लॅब्राडोर, नाव जॅक. मार्चअखेरीस एके दिवशी कुंपणापलीकडून त्यांनी विचारलं, "उद्या जॅकची ट्रायल आहे, येता का?" ट्रायल म्हटल्यावर मला कोर्टच आठवलं. हा कुणाला तरी चावला असणार आणि मालकाला साक्षीदार हवा असणार! साक्षीला उभं राहण्याच्या बाबतीत माझा पूर्वेतिहास काही बरा नाही, तो पुढे येईलच. पण परक्या देशात शेजारधर्म पाळावा म्हणून हो म्हणालो.

पहाटे पाचला निघालो. अंगात दोन स्वेटर, वर जावयाचा ओव्हरकोट, कानटोपी आणि त्या सगळ्यावर सौ.नं गुंडाळलेला मफलर. चेसापीक उपसागरावरचा लांबलचक पूल ओलांडून पलीकडच्या शेतांत पोचलो, तेव्हा तापमान २ अंश होतं. पायांची बोटं बरोबर आली आहेत की घरीच राहिली, तेही कळत नव्हतं.

वाटेत खटल्याचा उलगडा झाला. शिकाऱ्यानं पाडलेला पक्षी शोधून त्याच्या हातात आणून देणारे ते रिट्रीव्हर कुत्रे. त्यांच्या परीक्षेला म्हणतात फील्ड ट्रायल. अमेरिकेत हा प्रकार १९३१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका बड्या जमीनदारीत रीतसर सुरू झाला. १९५२ आणि १९५३ अशी लागोपाठ दोन वर्षं किंग बक नावाच्या काळ्या लॅब्राडोरनं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं आणि १९५९ साली तोंडात बदक धरलेली त्याची छबी सरकारी तिकिटावर आली. हे पत्राला लावायचं तिकीट नव्हे, बदकांच्या शिकारीसाठी घ्यावं लागतं ते. तरीपण तिकीट ते तिकीटच! आपल्याकडे महर्षी कर्व्यांना तिकिटावर यायला शंभर वर्षांचं व्हावं लागलं. या पठ्ठ्यानं अकराव्या वर्षीच नंबर लावला.

मैदानात पांढरे कोट घातलेली माणसं लांबलांब उभी होती. मला वाटलं, थंडीनं कुणी आडवं पडलं तर डॉक्टर हवेत म्हणून ही सोय असेल. तर ते बंदूकवाले निघाले. कुत्र्याला दुरून दिसावेत म्हणून पांढरे कोट. बार होतो, बदक दोन-अडीचशे यार्डांवर पडतं, कुत्र्यानं जागा लक्षात ठेवायची आणि परीक्षकांनी नंबर पुकारल्यावर मालकानं सोडलं तरच निघायचं. आधी पळाला तर बाद. बदक चावून चेंदामेंदा केलं तरी बाद. तोंडात आयतं बदक असताना दात लावायचा नाही! आमच्या खात्यात हा नियम असता, तर अर्धं खातं पहिल्याच फेरीत घरी गेलं असतं. त्यातही कमाल म्हणजे, स्वतःची पाळी झाल्यावर कधीकधी कुत्र्याला शेजारी बसून दुसऱ्याचं काम गुपचूप पाहावं लागतं. याला ते 'ऑनर' म्हणतात. दुसऱ्याचं भाषण चालू असताना स्वस्थ बसणारा एक तरी माणूस मला आमच्या सोसायटीच्या सभेत दाखवा.

जमिनीवरच्या फेऱ्या जॅकनं झकास केल्या. मग आली पाण्याची फेरी. तळं चांगलं रुंद. बदक पडलं पलीकडच्या काठाला, तिरकस. जॅक सुसाट सुटला, पाण्याशी आला, पुढचा एक पाय बुडवला आणि क्षणभर थबकला. मग वळून काठाकाठानं धावत तळ्याला वळसा घातला, थोडी शोधाशोध केली आणि बदक घेऊन आल्या वाटेनं परत आला. अंग कोरडं ठणठणीत. मी कौतुकानं टाळ्या वाजवल्या. माझ्याखेरीज कुणीच वाजवल्या नाहीत. हातमोज्यांमुळे आवाज झाला नाही, तेवढीच अब्रू राहिली.

नंतर एका आजीबाईंची चेसापीक जातीची तपकिरी कुत्री आली. तिनं नाकासमोर धाव घेतली, धाडकन पाण्यात उडी टाकली आणि तळं सरळ कापत गेली. आली तेव्हा केसांतून पाणी निथळत होतं. पुढच्या फेरीसाठी नंबर पुकारले, त्यांत तिचा होता. जॅकचा नव्हता.

"त्यानं चीटिंग केलं," शेजारी म्हणाले.

चीटिंग? पाण्यात न उतरणाऱ्या कुत्र्याला ही मंडळी लबाड म्हणतात आणि सरळ उतरणाऱ्याला प्रामाणिक. मला हे पटेना. आता तुम्हीच सांगा, जवळ रस्ता असताना त्या गार पाण्यात उडी न मारणं ही लबाडी की अक्कल? पाण्यात अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी झपाट्यानं जाते. गार पाण्यात फार पोहल्यावर काही कुत्र्यांची शेपटी लुळी पडून दोन-चार दिवस नुसती लोंबत राहते. शेपटी गहाण ठेवून कसला आलाय प्रामाणिकपणा? शिवाय बदक मिळालं ना? मी परतीच्या वाटेवर हे सगळं जोरात मांडलं.

शेजारी शांतपणे म्हणाले, "काठानं जाणारा कुत्रा वळणावर रेषा सोडतो. मग बदक कुठं पडलं होतं, तेच विसरतो. आज जॅकला सापडलं. नेहमी सापडत नाही."

मी गप्प झालो.

१९८६ सालची गोष्ट. आमच्या कचेरीतली एक फाईल गहाळ झाली आणि आळ आला आमच्या अण्णांवर. फाईल साहेबांनी घरी नेलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. चौकशीत मी तसं सांगणार, असं अण्णांना म्हणालोही होतो. चौकशीच्या दिवशी मला ताप आला. ताप अर्थातच डॉक्टरांच्या दाखल्यापुरता. साक्षीऐवजी नंतर सवडीनं साहेबांना एकट्यात गाठून समजावू, असा बेत होता. म्हणजे पोचायचं तिथंच होतं, फक्त अंग भिजू द्यायचं नव्हतं. ती सवड काही मिळाली नाही. अण्णांच्या दोन वेतनवाढी रोखल्या गेल्या. मला पुढे बढती मिळाली आणि कशासाठी निघालो होतो ते हळूहळू खरंच विसरून गेलो.

कुत्र्याला बरोबर घेतल्याशिवाय स्वर्गात पाऊल टाकायला धर्मराजानं नकार दिला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण तोच धर्मराज अश्वत्थाम्याच्या प्रकरणात काठाकाठानंच गेला होता आणि त्याचा अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकला होता. माझ्याकडे रथ नव्हता, सायकल होती. ती पहिल्यापासून जमिनीवरच होती, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

"प्रामाणिकपणा शिकवता येतो का हो?" मी विचारलं.

"सरावात बरेच जण गळ्यात विजेचा झटका देणारा पट्टा बांधतात," शेजारी म्हणाले. "स्पर्धेत मात्र गळ्यात काहीच चालत नाही. पट्टा काढल्यावर जे उरतं, ते खरं." मग थोडा वेळ गाडी चालवून म्हणाले, "जॅकचा दोष नाही. हिवाळ्याच्या सरावात त्याच्याबरोबर मालकानंही पाण्याच्या कडेला तासन्‌तास उभं राहायचं असतं. यंदा मी गेलोच नाही. मला थंडी सोसत नाही हल्ली." मागच्या सीटवर जॅक त्यांच्या सँडविचचा अर्धा तुकडा खाऊन गाढ झोपला होता.

माझ्या गळ्यात तर तीन पट्टे होते: गोपनीय अहवाल, पेन्शन आणि सौ. तिन्ही असून मी काठानं गेलो. आता पहिले दोन सुटलेत. उरलं काय, ते बघायला हवं होतं.

संध्याकाळी सात वाजता फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. सौ.ला म्हटलं, "अण्णांना फोन करणार होतो. पण तिकडे पहाटेचे साडेचार. म्हाताऱ्या माणसाची झोपमोड कशाला? उद्या बघू."

सौ. स्वेटरच्या घड्या घालत म्हणाली, "अण्णा पहाटे चारला उठून आंघोळ करतात, असं तुम्हीच चाळीस वर्षं सांगत आलात."

नंबर लावला. घरात हीटर चालू होता, तरी पलीकडे घंटी वाजायला लागली तेव्हा माझे हात गार पडले होते.