पत्ता नको, उघडलेली फाइल द्या

देगलूर निजामाच्या मुलखातलं गाव, त्यामुळे इथल्या जमिनींचे जुने महसुली कागद उर्दूत. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने मराठवाडाभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा असे कितीतरी जुने बस्ते सोडावे लागले. दप्तराच्या खोलीतला कागद बघायचे ढोबळमानाने तीन मार्ग. एक, नक्कल मागायची. ती मिळते, पण काढली त्या दिवसापुरतीच खरी. दुसरा, कपाटाचा नि फळीचा पत्ता घेऊन स्वतःच आत शिरायचं. मग शेजारचा बस्ता चाळायला कोण अडवणार? तिसरा, रेकॉर्ड कीपरने हवं ते रजिस्टर काढून बाहेरच्या टेबलावर उघडून ठेवायचं. रजिस्टर अस्सल, खोलीला कुलूप.

संगणकात एका प्रोसेसने, म्हणजे चालू प्रोग्रामने, दुसरीला फाइल द्यायची म्हटली तरी हेच तीन मार्ग उरतात. यातला तिसरा यंत्रात १९८३ पासून हजर होता. त्याचा खरा उपयोग सुरक्षेसाठी आहे हे ध्यानात यायला मात्र आणखी जवळपास वीस वर्षं गेली. सोय आधी आली, तिचं कारण मागाहून सापडलं.

युनिक्समध्ये फाइल उघडताना कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, एकदाच चौकशी करतो: तू कोण, तुला ही वाचायची परवानगी आहे का? उत्तर पटलं की हातात एक छोटा आकडा ठेवतो, ३, ४, ७ असा काहीतरी. हा फाइल डिस्क्रिप्टर. पुढे प्रत्येक वाचनाला तो आकडाच पुरतो, परवानगी पुन्हा तपासली जात नाही. फाइलची परवानगी मागाहून कुणी काढून घेतली तरी आधी उघडून बसलेल्याचं वाचन थांबत नाही. म्हणजे हा आकडा हक्कच झाला. असा हक्क वस्तूसारखा बाळगता आणि देता यावा, ही कल्पना जॅक डेनिस आणि अर्ल व्हॅन हॉर्न यांनी १९६६ मध्येच मांडली होती. युनिक्स घडवणारे मात्र त्या वाटेने निघाले नव्हते. त्यांना सुटसुटीत व्यवस्था हवी होती. सुरुवातीला हा हक्क फक्त वारशाने मिळे: पालक प्रोसेसने उघडलेलं अपत्याला, बाकी कुणाला नाही.

बर्कलेच्या ४.२ बीएसडीने १९८३ मध्ये वारशाची ही अट काढली. एकाच यंत्रातल्या दोन अनोळखी प्रोसेस स्थानिक सॉकेटवरून बोलू लागल्या आणि त्या बोलण्यासोबत उघडी फाइलही पाठवता येऊ लागली. इथे नवख्यांची हमखास फसगत होते. सॉकेटवर ‘७’ लिहून पाठवला तर पलीकडे नुसता सात पोचतो, फाइल पोचत नाही, कारण प्रत्येक प्रोसेसचा उघड्या फायलींचा तक्ता वेगळा. डिस्क्रिप्टर संदेशाच्या बाजूच्या खणात ठेवावा लागतो. कर्नल तो खण ओळखतो, पलीकडच्या तक्त्यात नवी नोंद करतो आणि इकडचा ७ तिकडे कदाचित ४ होऊन उतरतो. वस्तू तीच. इतकी तीच की वाचनाची जागाही सामाईक: एकाने शंभर अक्षरं वाचली की दुसऱ्याचंही बोट शंभरावर सरकतं. शिवाय लिनक्समध्ये अशा प्रवाही सॉकेटवर रिकाम्या संदेशासोबत डिस्क्रिप्टर जात नाही, निदान एक बाइट लागतो. म्हणून दूरच्या यंत्रावर सुरक्षित लॉगिन करू देणाऱ्या ओपनएसएसएचच्या कोडमध्ये डिस्क्रिप्टर पाठवताना सोबत एक शून्य बाइट जातो, निव्वळ वाहन म्हणून.

हे कशासाठी हवं, याचं उत्तर दुसरीकडेच लिहिलं जात होतं. १९८८ मध्ये नॉर्म हार्डी यांनी एका कंपायलरची गोष्ट सांगितली. त्या कंपायलरला आकडेवारी नोंदवण्यासाठी स्वतःच्या डिरेक्टरीत लिहायची मुभा होती. त्याच डिरेक्टरीत ग्राहकांच्या बिलांची फाइलही होती. एका वापरकर्त्याने निकालाची फाइल म्हणून तिचंच नाव दिलं आणि कंपायलरने इमानेइतबारे बिलांवर लिहून टाकलं. वापरकर्त्याला त्या फाइलचा हक्क नव्हता, कंपायलरला होता. नाव एकाचं, अधिकार दुसऱ्याचा. वापरकर्त्याने नावाऐवजी स्वतः उघडलेली फाइल दिली असती तर हा घोटाळा झालाच नसता, कारण बिलांची फाइल त्याला उघडताच आली नसती. सुरक्षेवरच्या कितीतरी जाडजूड पुस्तकांपेक्षा मला हा छोटा लेख मोलाचा वाटतो.

दोन धागे जुळले ते २००२ मध्ये. नील्स प्रोव्होस यांनी ओपनएसएसएच दोन तुकड्यांत विभागलं. नेटवर्कशी बोलणारा तुकडा जवळपास अधिकारहीन. त्याच्यामागे सर्वाधिकारी मॉनिटर, छोटा आणि मितभाषी. लॉगिनसाठी टर्मिनल लागलं की मॉनिटर ते उघडतो आणि दोन डिस्क्रिप्टर पुढच्याकडे सोपवतो. पुढचा तुकडा हल्लेखोराने काबीज केला तरी त्याच्या हाती तेवढंच. त्याच वर्षी जूनमध्ये ओपनएसएसएचमध्ये एक मोठं भगदाड उघड झालं आणि ज्यांनी ही विभागणी चालू केली होती त्यांचा रूट, म्हणजे सर्वाधिकार, वाचला.

धोके संपले मात्र नाहीत, ते घेणाऱ्याकडे सरकले. न मागितलेले डिस्क्रिप्टर कुणी पाठवत राहिलं आणि ते बंद केले नाहीत तर तक्ता भरून सेवा ठप्प होते. लिनक्स एका संदेशात २५३ पर्यंत मुभा देतं. डिरेक्टरीचा डिस्क्रिप्टर तर फारच जपून द्यावा; बंदिस्त प्रोसेसला तो मिळाला की तिथून ‘एक पायरी वर’ चढत ती कोंडवाड्याबाहेर पडू शकते. आणि एक चमत्कारिक कोडं: सॉकेट स्वतःच्याच आत पाठवून दोन्ही टोकं बंद केली तर? कुणाच्याच हातात नाही, तरी संदेशात अडकल्यामुळे जिवंत. अशी अनाथ वर्तुळं शोधायला कर्नलमध्ये खास सफाई कामगार नेमावा लागला. त्याच्याच कामातल्या वेळेच्या चुकीतून २०२१ मध्ये सीव्हीई-२०२१-०९२० हा दोष निघाला, तोही अँड्रॉइडवर प्रत्यक्ष हल्ल्यात वापरला गेल्यावर.

अँड्रॉइडवर हा विचार आज रोज लाखो हातांत आहे, भलेही तिथे सॉकेटऐवजी बहुतेक वेळा बाइंडर हा तिथला निरोप्या डिस्क्रिप्टर नेतो. अँड्रॉइड ७ ने २०१६ मध्ये एका ॲपने दुसऱ्याला फाइलचा नुसता पत्ता देण्यावर बंदीच आणली. देगलूरच्या सेवा केंद्रात एखादी मुलगी शिष्यवृत्तीच्या अर्जाला फोनवरून उत्पन्नाचा दाखला जोडते, तेव्हा निवडीची खिडकी ब्राउझरची नसते, यंत्रणेची असते. तिने बोट ठेवलं तेवढी एक फाइल उघडून ब्राउझरला मिळते. गॅलरीतलं बाकी काही त्याला दिसत नाही. तिच्या निवडीतच परवानगी आली, वेगळा प्रश्न विचारायची गरज उरली नाही. असं असूनही साधा पीडीएफ उघडणारी कितीतरी ॲप्स पहिल्याच पडद्यावर सगळ्या फायली मागतात. याला मी आळस म्हणतो, आणि काही वेळा त्याहून वाईट.

राहिला प्रश्न परत घेण्याचा. देण्याआधी हक्क आवळता येतो: फ्रीबीएसडीच्या, २०१० मध्ये मांडलेल्या कॅप्सिकमने एखादा डिस्क्रिप्टर केवळ वाचनापुरता करून देता येतो. लिनक्सने २०१४ मध्ये स्मृतीतल्या फायलींना मोहोर लावायची सोय केली, म्हणजे घेणारा वाचत असताना देणाऱ्याने ती आखडून त्याला पाडायला नको. पण एकदा हातात पडलेला साध्या फाइलचा डिस्क्रिप्टर मागे ओढायचा सरळ मार्ग आजही नाही. तो हवा असेल तर देणाऱ्याला मध्ये थांबावं लागतं. अँड्रॉइड ८ पासून तशी सोय आहे: घेणाऱ्याला साधाच डिस्क्रिप्टर दिसतो, पण त्याचं प्रत्येक वाचन देणाऱ्या ॲपकडे विचारणा होऊन जातं आणि त्याला केव्हाही नाही म्हणता येतं. त्यासाठी वेगाची किंमत मोजावी लागते, म्हणून बहुतेक ॲप्स अजून थेट फाइलच देतात.