ज्याच्या तोंडून ऐकलं, त्याचं नाव

रामनवमीला नको. त्या दिवसांत बंजाऱ्यांच्या या तीर्थात, पोहरादेवीत, पाय ठेवायला जागा नसते. दर्शन होतं, मनन होत नाही. एखाद्या आडदिवशी या, मानोऱ्याकडून किंवा दिग्रसकडून. जगदंबेपुढे हात जोडा, संत सेवालाल महाराजांच्या समाधीवर डोकं टेका, 2020 साली गेलेल्या रामराव महाराजांच्या समाधीपाशी थोडं थांबा. मग सावली बघून बसा. मांडी जमत नसेल तर पाय पसरा.

नगाऱ्याच्या आकाराची ती मोठी इमारत म्हणजे बंजारा विरासत संग्रहालय. 5 ऑक्टोबर 2024 रोजी त्याचं उद्घाटन झालं. आत जायचंच आहे, पण जरा दमानं. आधी चालून आलेला शीण उतरू द्या.

आता सेवालाल महाराजांना मनात आणा. जन्म 1739चा, देहत्याग 1806चा, असं परंपरा सांगते. लदेणीच्या, म्हणजे मालवाहतुकीच्या, बैलांमागे हयात घालवणारा हा माणूस मागे ठेवून गेला ते लोकांच्या ओठांवर. भीमा नायक बाप, धर्मणी आई, हे तांड्यातलं शेंबडं पोरही सांगतं. दोनशेहून अधिक वर्षं ही गोष्ट टिकली ती आधी तोंडातोंडी, कागदावर फार उशिरा. त्या तोंडांचा विचार करा. भजनाला बसणारा एखादा म्हातारा असेल, ढावलो गात लेकीला वाटे लावणारी याडी, म्हणजे आई, असेल. त्यांची नावं कुठे आहेत?

कागदाचं म्हणाल, तर वऱ्हाडातल्या बंजाऱ्यांविषयी सुरुवातीला जे सविस्तर लिहिलं गेलं, ते पोलिसांच्या हातून. कंबरलेज हा वऱ्हाडच्या पोलीस खात्यातला अधिकारी. त्याचं टिपण 1882 मध्ये छापून निघालं. त्याआधीच, 1871 मध्ये, जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवणारा कायदा झाला होता. टिपण मन लावून लिहिलेलं आहे, हे कबूल करायला हवं. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916च्या ग्रंथातलं बंजाऱ्यांवरचं प्रकरण बरंचसं त्याच्याच आधारावर उभं आहे. पण विचारणारा पोलीस असला, की सांगणारा काय सांगतो आणि काय गिळतो, याचा अंदाज तुम्हीच करा.

त्या लिखाणातली एक गोष्ट घेऊ. सावकाश वाचा, मध्ये थांबलात तरी चालेल.

शहाजहानची फौज दख्खनेत उतरली. फौजेमागून धान्य वाहून आणायला जंगी-भंगी नायकांचे हजारो बैल. वजीर आसफखानानं त्यांना सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट दिला, असं सांगतात. पाणी मिळालं नाही तर लोकांच्या रांजणातलं घ्या. चारा नसेल तर घरांच्या छपराचं गवत काढा. दिवसाला तीन खून माफ. मात्र माझे घोडे जिथे, तिथे तुमचे बैल हजर हवेत.

तांड्यात ही गोष्ट सांगताना छाती फुगते. कचेरीत तीच वाचताना साहेबाची भुवई वर जाते. एकीकडे मान, दुसरीकडे पुरावा.

आता डोळे मिटा आणि त्या रांजणापाशी जा. उन्हाळ्याचे दिवस. अंगणाच्या कोपऱ्यात निम्मा जमिनीत पुरलेला मातीचा रांजण, बाहेरून ओलसर, तोंडावर लाकडी झाकण. विहीर लांब. कुणब्याच्या सुनेनं पहाटेपासून खेपा घालून तो गळ्यापर्यंत भरलाय. दुपारी धुळीचा लोट उठतो, घुंगरं वाजतात, शिवारात तळ पडतो. तासाभरात रांजणाचा तळ दिसायला लागतो. आणि छपराचं गवत ओढलं गेलं, ते पावसाळा तोंडावर आलेला असताना.

तिची गोष्ट ना तांड्याच्या गाण्यात आहे, ना पोलिसाच्या कागदात.

तिथून लगेच उठू नका. तिची बाजू घेऊन नायकाला शिव्या घालणं सोपं आहे. नायकाची बाजू घेऊन तिला विसरणं त्याहून सोपं. दोघांनाही समोर बसवा. दुष्काळात धान्य गावोगाव पोचवणारे बैल याच जातीच्या लोकांचे होते. तिच्या चुलीपाशी असलेलं मीठ अशाच एखाद्या गोणीतून आलेलं असणार. आणि मुभा दिली कोणी? ज्यात त्यानं कधी पाणी भरलं नाही, अशा रांजणावर उदार झालेल्या वजिरानं. गाव आणि तांडा यांच्यातली बरीच भांडणं अशीच तिसऱ्यानं लावून दिलेली आहेत, असं माझं मत आहे. ती मिटवायची तर आधी ती पूर्ण सांगावी लागतात.

बळीराम पाटील आठवतात ते इथे. त्यांचा ‘गोर बंजारा लोकांचा इतिहास’ 1936 साली निघाला. गुन्हेगार जमातींचा कायदा तेव्हा चालू होता. तो रद्द व्हायला 31 ऑगस्ट 1952 उजाडावा लागला. अशा दिवसांत घरचा माणूस घरचा इतिहास लिहायला बसतो, हे धारिष्ट्यच. मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की त्यांनी तो मराठीत लिहिला. तांड्यातल्या माणसाला तो पाठच होता. गावानं वाचावा म्हणून मराठी.

आता पुढचं जरा अवघड आहे. गावाचा हिशेब झाला, स्वतःच्या घरचा राहिला.

बंजाऱ्यांची वंशावळ तोंडपाठ ठेवायची ती ढाडींनी. नायकाच्या दारी येऊन पिढ्यांमागून पिढ्या गाऊन दाखवायच्या, बिदागी घ्यायची, पुढच्या तांड्याला जायचं. जुन्या लिखाणात ढाडी मुसलमान असल्याची आणि तरीही सरस्वतीला पुजत असल्याची नोंद आहे. त्यांनी सांगितल्याशिवाय नायकाला आपला सातवा पूर्वज कोण ते कळत नसे. आणि तरी ढाडीशी सोयरीक होत नसे. त्याची बसायची जागा वेगळी. ज्याच्या जिभेवर आपलं कूळ, तोच उंबऱ्याबाहेर. हे वाक्य मनात घोळवा. बंजारा असाल तर आणि नसाल तरीही. कारण तुमच्या गावातही कोणीतरी भाट, गोंधळी, वासुदेव होताच, आणि त्यालाही भिक्षा दारातच मिळाली.

भोग लावताना बंजारे अरदास, म्हणजे प्रार्थना, करतात. तिच्यात किडामुंगीचंही भलं व्हावं असं मागणं असतं. एवढं मागितल्यावर आपण त्यात आलोच. इतक्या जुन्या मागण्यात मुंगीला जागा आहे, मग इतिहासात ढाडीला आणि त्या कुणब्याच्या सुनेला का नसावी?

हा निवांतपणाचा प्रश्न नाही. 2025च्या सप्टेंबरात अनुसूचित जमातीत समावेशाच्या मागणीसाठी बंजारा समाजाचे मोठे मोर्चे निघाले, आदिवासी संघटनांनी विरोध केला. मागणीसाठी जुने कागद दाखवले जात होते. मागणीचा निकाल कायदा लावेल. पण जंगलातल्या वाटेवर तांड्याला रस्ता दाखवणारा, कधी आडवा येणारा, कधी मोहफुलं-डिंक देऊन मीठ घेणारा गोंड किंवा कोलाम कोण होता, हे सांगायला फाईल पुरत नाही. त्याला सांगणारा माणूस लागतो.

उठा आता. संग्रहालय बघून घ्या. नंतर जवळच्या एखाद्या तांड्यात जा, राम राम करा, म्हातारं माणूस बघून शेजारी बसा आणि एकच गोष्ट विचारा. मोबाइलवर आवाज घ्या, पण आधी परवानगी घ्या. त्याच गोष्टीबद्दल गावातल्या म्हाताऱ्यालाही विचारा. दोन्ही एकाच वहीत, समोरासमोरच्या पानांवर उतरवा. जुळलं नाही तर जुळवू नका. आणि प्रत्येक गोष्टीखाली, तुमच्या नावाच्या आधी, ती ज्याच्या तोंडून ऐकली त्याचं नाव लिहा.