बांधापलीकडचं घर

घर उतरवायला सुरुवात कौलांपासून झाली. मुलगा छपरावर बसून कौलं खाली देत होता, सून आणि नातू ती अंगणात रचत होते. मग वासे निघाले, कुडाच्या भिंती सुटल्या आणि शेवटी आज्याच्या हातचे सागाचे खांब उपटून काढले. खांब न्यायचेच होते. सपाटीवर सागाचा खांब विकत घ्यायला लागतो, हे मुलगा तळोद्याला जाऊन स्वतः पाहून आला होता. तयारीत त्यानं कसूर ठेवली नाही. जमीन पाहिली, हातपंप चालवून पाहिला, शाळा किती लांब ते विचारलं. भूसंपादनाचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवले.

आजीची तयारी वेगळी होती. मोर आणि बंटी ही डोंगरातली बारीक धान्यं, ज्वारी, मका, उडीद, तूर, सगळं बी तिनं निवडलं, राखेत घोळलं आणि वाळलेल्या दुध्यांत भरून तोंडं शेणानं लिंपली.

ही गोष्ट नर्मदाकाठची, अक्कलकुवा आणि अक्राणीच्या डोंगरातली. सरदार सरोवर धरणामुळं महाराष्ट्रातली ३३ गावं बुडिताखाली यायची होती. मणिबेलीत १९९३ च्या पावसाळ्यात पाणी शिरलं. गोष्टीतलं घर एका कुणाचं नाही, तिथल्या अनेक घरांचं मिळून रचलं आहे. पण धरणाचं पाणी, तळोद्याची जमीन आणि त्या जमिनीवरून उठलेलं दुःख यांत कल्पनेचं काही नाही. नर्मदा लवादानं १९७९ मध्ये निवाडा दिला, त्यात जमीन जाणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन आणि बुडण्याच्या आधी पुनर्वसन, असं लिहिलेलं होतं. लिहिलेलं सगळ्यांच्या वाट्याला आलं नाही. या घराला मात्र जमीन मिळाली.

निघायच्या आदल्या दिवशी आजीनं वाघदेवाला कोंबडं दिलं. गाव तर आधीच फुटलं होतं. काही घरं गुजरातेत गेली होती, काही वर डोंगरावर सरकली होती, उरलेली तळोद्याकडं निघाली होती. डोंगरात कुणाची निंदणी अडली, घर बांधायचं झालं, तर लाह बोलावतात. सगळी वस्ती येते, राबते, ज्याचं काम तो जेवू घालतो, पैशाचा संबंध नाही. ज्यांना लाहेला हाक मारायची तीच माणसं तीन दिशांना पांगली. याची मोजणी कोणत्याच पंचनाम्यात झाली नाही, आणि मला वाटतं, सर्वांत मोठं नुकसान तेच होतं.

नवी वसाहत सरळ रेषेत आखलेली. रस्ता होता, एसटी होती, रात्री कुणी आजारी पडलं तर झोळीत घालून डोंगर उतरायची गरज नव्हती. नातू शाळेत रमला. हे सुख खरं होतं आणि आजी ते नाकारत नव्हती. पण सरपण विकत, चारा विकत, भाजीसुद्धा विकत. नदीत मासा होता, रानात मोह होता, तेव्हा पैसा नसला तरी चूल पेटायची. इथं पैसा संपला की चूल थांबायची.

शेतात पहिल्यांदा गेले तेव्हा आजी वाकून जमीन चाचपत राहिली. कडेला जुन्या पऱ्हाट्यांची खुंटं होती.

"हे कुणी पेरलं होतं?"

"कुणी नाही. सरकारचं जंगल होतं, ते मोकळं करून आपल्याला दिलं."

"जंगलात कापूस उगवत नाही, पोरा."

मुलगा गप्प बसला. त्याला ठाऊक होतं. पुनर्वसनासाठी तळोद्यात सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन मोकळी झाली होती. तिच्यावर ठिकठिकाणी आसपासचे भिल्ल वर्षानुवर्षं शेती करत होते, फक्त त्यांच्याजवळ कागद नव्हता. या शेताचे आधीचे धनी बांधापलीकडच्या फळीत, म्हणजे पाड्यात, राहत. तिथली एक म्हातारी रोज याच बांधावरून जायची आणि मान वळवूनही बघायची नाही. मुलानंही तिकडं जायचं टाळलं. एकदा बोलणं सुरू झालं की हक्काची गोष्ट निघेल, ही त्याची भीती होती.

पहिला पाऊस चांगला झाला. डोंगराच्या उतारावर पाणी धावतं, इथल्या काळ्या मातीत ते बसून राहिलं. मोर पिवळी पडली, बंटी कुजली. निंदणीला लाह बोलावली तर आपल्यातलीच चार घरं आली. त्यांची शेतंही तुंबलेली, त्यांनाही उपाय माहीत नव्हता.

आजीनं एक दुधी उचलली आणि बांध ओलांडून गेली. मागून मुलगा ओरडला, पण ती थांबली नाही.

म्हातारी अंगणात तूर पाखडत होती. "जमीन घेतली, आता काय राहिलं?"

"पाणी कुठं साचतं ते तुला माहीत. मला माहीत नाही."

"मग बुडू दे."

"एकदा बुडून आले, बाई."

म्हातारीचा हात सुपावर थांबला. आजी दुधी ठेवून खाली बसली. "तुझ्यावर उपकार करायला नाही आले. त्या मातीत तुझा घाम आहे, ते मला पहिल्याच दिवशी दिसलं. तेव्हाच यायला पाहिजे होतं."

त्या दिवशी म्हातारी आणखी काही बोलली नाही. तीन दिवसांनी सकाळी ती शेताच्या वरच्या कोपऱ्यात उभी दिसली. पायानं रेघ ओढून म्हणाली, "इथून चारी काढा. आम्ही दरसाल काढायचो. मोर खालच्या अंगाला नको, त्या मुरमाड पट्ट्यात टाका."

संध्याकाळी मुलगा आजीवर चिडला. "उद्या ती म्हणेल शेत माझं. कागद आपल्या नावावर आहे."

"डोंगरात आपल्या वरच्या शेताचा कागद होता का? मोजणीवाल्यानं काय लिहिलं होतं?"

अतिक्रमण, असं लिहिलं होतं. त्या शेताचा मोबदला मिळाला नव्हता. मुलाला ते आठवत होतं, कारण तेव्हा तो साहेबाशी भांडला होता.

पुढच्या लाहेला बांधापलीकडची माणसं आली आणि त्यांच्या निंदणीला हे गेले. मुरमाड पट्टा म्हातारीच्या लेकाला अर्धलीनं दिला. गोडीगुलाबीच झाली असं नाही. गुरं शेतात घुसली की शिव्या व्हायच्या, आणि गेलेली जमीन म्हातारीला परत मिळाली नाही. आजी वारली तेव्हा मात्र खांदा द्यायला फळीतली माणसं होती.

मग २००६ चा वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासींना दावा करता येणार होता आणि पुराव्यांत वडीलधाऱ्यांचा जबाबही धरला जाणार होता. म्हातारीच्या लेकानं ओढ्याकाठच्या उरलेल्या तुकड्यावर दावा टाकला. कसत असल्याचा पुरावा म्हणून दाखवायला त्याच्याजवळ वनखात्याच्या दंडाची एकही पावती नव्हती.

ग्रामसभेत विचारणा झाली, याची वहिवाट कुणी पाहिली आहे? वसाहतीतल्या लोकांनी खाली बघितलं. जुनी वहिवाट उकरली तर आपल्याच सातबाऱ्यावर बोट येईल, ही भीती घराघरात होती.

मुलगा उठला. त्याचेही केस आता पांढरे झाले होते.

"मी पाहिली आहे. आम्ही इथं आलो तेव्हापासून ओढ्याकाठचं शेत हाच कसतो. आणि लिहायचंच तर पुढंही लिहा. आज मी कसतो ते शेत आमच्या आधी याच्या आईनं कसलं होतं. त्यात चारी कुठून काढायची, ते तिनंच आम्हाला दाखवलं."

सचिवानं पेन थांबवून विचारलं, "हे दुसरंही लिहू?"

"लिहा," तो म्हणाला, आणि अंगठा द्यायला पुढं गेला.