मनाची निगा : स्वार्थ कीं कर्तव्य ?

घरांत दुखणें असतां, डोक्यावर कर्ज असतां, किंवा नुकतेंच कोणी गेलें असतां एखाद्यानें सकाळीं उठून अंगण झाडावें, चार फुलें तांब्यांत घालून ठेवावीं, आणि हें करतांना ओठांतल्या ओठांत गुणगुणावें, तर आपल्यांपैकीं पुष्कळांस तें थोडें अप्रशस्त वाटतें. दुःखाला शोभेसा चेहरा असावा, अशी आपली समजूत आहे. शरीराची निगा राखणें हा धर्म मानणारा आपला समाज मनाची निगा राखणें ही मात्र चैन समजतो. मुलानें दांत घासले नाहींत तर आई रागें भरते; पण घरांतील एखाद्याचें मन महिनाभर मळलेलें राहिलें, तर त्याची कोणी चौकशीहि करीत नाहीं.

ह्या समजुतीच्या मुळाशीं दोन आक्षेप आहेत, आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला असा कीं, घरांत व जगांत इतकें दुःख असतां स्वतःच्या चित्ताची प्रसन्नता शोधीत बसणें हा स्वार्थ होय. दुसरा याहून सूक्ष्म आहे. तो म्हणतो कीं, दुःखाचें कारण जागच्या जागीं असतां केवळ मनःस्थिति पालटणें ही आत्मवंचना होय. छप्पर गळत असतां गाणें म्हणण्यांत काय हंशील? ह्या आक्षेपांचा विचार मला पुस्तकांपेक्षां एका जात्यामुळें अधिक करावा लागला. म्हणून आधीं त्या जात्याची हकीकत सांगतों.

मी मुळशी तालुक्यांतील चांदे येथें राहतों. शेजारच्या नांद्याशीं जोडून ह्या गांवाचें नांव घेण्याचा इकडे प्रघात आहे. एका बाजूनें पुणें शहर व दुसऱ्या बाजूनें हिंजवडीच्या संगणक-कंपन्या जवळ येत चालल्यामुळें शेतांच्या बांधाशींच मजल्यांवर मजले चढलेले आतां दिसतात. निवृत्तीनंतर निवांतपणा मिळावा म्हणून आम्हीं उभयतांनीं येथें घर केलें. तीन वर्षांमागें पावसाळ्याच्या आरंभीं माझी पत्नी वारली. पुढील कित्येक महिने मी खिडक्या उघडल्या नाहींत, अंथरूण काढलें नाहीं, चहा केला तर तो पिण्याचें भान राहिलें नाहीं. हें सर्व पत्नीवरील प्रेमाचेंच लक्षण आहे, असें मी मनाशीं ठरवून टाकलें होतें, आणि त्यांत एक प्रकारचें समाधानहि मानीत होतों.

शेजारीं एक वृद्ध बाई राहतात. एके दिवशीं त्या सकाळींच दारांत येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दादा, दिस उगवला का उंबऱ्याच्या भाईर यावं. मनाचं मागनं बघू." त्यांच्या आग्रहावरून मी त्यांच्या अंगणांत जाऊन बसूं लागलों. तेथें तुळशीजवळ जात्याची एक जुनी तळी उलथी पडलेली होती. सासरीं आल्यापासून गिरणी होईपर्यंत ह्याच जात्यावर रोज पहाटे दळल्याचें त्यांनीं सांगितलें. दळतांना ओव्या म्हणत असत काय, असें मीं विचारतां त्या हंसल्या. "म्हनायचो तर ! ज्ये घरात कुनाला सांगता येत न्हाई त्ये जात्याला सांगायचं." मीं पुढें विचारलें, "मग त्यानें दुःख जात असे का ?" त्या क्षणभर थांबल्या व म्हणाल्या, "दुःख कुठं जातंय, दादा ? पर दळण व्हायचं."

ह्या उत्तरांत, माझ्या मतें, वरील दोन्ही आक्षेपांचें उत्तर सांठवलेलें आहे. परंतु तें उलगडून पाहण्यापूर्वीं हें सांगितलें पाहिजे कीं, ह्या बाईंचा अनुभव एकटीचा नव्हे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्या अभ्यासकद्वयानें मुळशीच्याच डोंगराळ भागापासून आरंभ करून जात्यावरच्या ओव्या जमविल्या. मुळशींतील कोळवडे, नांदगांव इत्यादि गांवांतील बायकांनीं त्यांना ओव्या दिल्या; पुढें हें काम महाराष्ट्रभर पसरून संग्रह एक लाखावर गेला. २०१७ सालापासून 'पारी' ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहालयानें तो ध्वनिमुद्रणांसह आंतरजालावर क्रमशः खुला केला आहे. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, रामापेक्षां सीतेचें दुःख अधिक आहे, आणि बाबासाहेब आंबेडकरहि आहेत. जातें तर पुष्कळ ठिकाणीं मैत्रिणीसारखें किंवा देवासारखें संबोधिलेलें असून, जिवाचें गुज त्याच्यापाशीं उकललेलें आहे. अक्षरओळख नसलेल्या लाखों स्त्रियांनीं अंधारांत आपल्या मनाची जी निगा राखली, तिचा हा लेखी पुरावा होय.

आतां ह्या निगेचे घटक कोणते तें पाहूं. एक, शरीराची लयबद्ध हालचाल. दोन, हातून पुरें होणारें व डोळ्यांना दिसणारें काम. पायलीभर धान्याचें पीठ झालेलें प्रत्यक्ष दिसतें. तीन, दुःखाला शब्द देणें. चार, बहुधा कोणाची तरी सोबत. कारण खुंट्याला दुसरा हात लागला तर दळण हलकें होतें, आणि ओवीहि उचलून धरली जाते. विल्यम जेम्स ह्या अमेरिकन तत्त्वज्ञानें १८८४ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, आपण दुःखी होतों म्हणून रडतों असें नसून रडतों म्हणून दुःखी होतों. हें मत जसेंच्या तसें आज कोणी स्वीकारीत नाहीं. परंतु कृतीचा परिणाम वृत्तीवर होतो हें त्यांतील सत्य टिकून राहिलें आहे. उत्साह येण्याची वाट न पाहतां ठराविक वेळीं लहान लहान कृत्यें करीत जाणें, ही विषण्णतेवरील उपचाराची आतां एक सुप्रतिष्ठित पद्धति आहे. तसेंच, १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत जेम्स पेनेबेकर व त्यांच्या सहकाऱ्यानें विद्यार्थ्यांकडून सलग चार दिवस पंधरा पंधरा मिनिटें आपल्या क्लेशदायक अनुभवांविषयीं लिहवून घेतलें. लिहितांना त्यांचें मन अधिकच खिन्न झालें. पुढील महिन्यांत मात्र त्यांचीं दुखणीं कमी झाल्याचें आढळलें. मागाहून झालेल्या प्रयोगांत हा लाभ माफकच दिसून आला. तरी माझ्या शेजारणीस ह्या नव्या शास्त्रांत अपरिचित असें फारसें कांहीं आढळणार नाहीं.

स्वार्थाच्या आक्षेपाचा विचार कांट ह्या जर्मन तत्त्ववेत्त्यानें फार पूर्वींच केलेला आहे. हा मनुष्य सुखाला नीतीच्या सिंहासनाजवळ फिरकूं देणारा नव्हे. तथापि १७८५ च्या आपल्या ग्रंथांत त्यानेंहि कबूल केलें आहे कीं, स्वतःचें समाधान राखणें हें निदान अप्रत्यक्ष रीतीनें कर्तव्यच आहे. कारण असमाधानानें गांजलेल्या मनुष्यास कर्तव्यापासून ढळण्याचा मोह सहज होतो. माझा स्वतःचा अनुभव ह्याला साक्ष आहे. ज्या महिन्यांत मी आपल्या दुःखाशीं एकनिष्ठ होतों, त्याच महिन्यांत मीं मुलीच्या दूरध्वनीला तुटक उत्तरें दिलीं, आणि पत्नीनें वाढविलेलीं झाडें पाण्यावांचून वाळूं दिलीं. शोक तिच्यासाठीं होता असें मी म्हणत होतों. तिच्या माणसांसाठीं व झाडांसाठीं मात्र त्यांतून कांहींच निष्पन्न झालें नाहीं. गीतेच्या सहाव्या अध्यायांत आत्म्यानेंच आत्म्याचा उद्धार करण्याचा उपदेश आहे, आणि त्याच अध्यायांत आहार, विहार, निद्रा व जागरण ह्यांच्या प्रमाणाची साधी गोष्टहि आहे. एवढ्या मोठ्या उपदेशाशेजारीं जेवणाची व झोंपेची गोष्ट येते, ही मला पूर्वीं विसंगति वाटे. आतां वाटत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. ओवी नसती तर त्या बायकांनीं सासरचा जाच मुकाट्यानें सोसला नसता, असें कोणी म्हटलें तर ? मनाला बरें वाटण्याच्या युक्ति अन्याय टिकविण्याच्या कामीं येऊं शकतात, हें मी नाकारीत नाहीं. पगार न वाढवितां नोकरांना ध्यानधारणेचे पाठ देणारा धनी किंवा सुनेला सहनशीलतेचे श्लोक ऐकविणारें घर आपण सर्वांनीं पाहिलें आहे. परंतु मुळशीचाच दाखला घेतला तर ओव्या सांगणाऱ्या बायकांपैकीं अनेक जणी डोंगराळ भागांतील गरिबांच्या संघटनेंतहि होत्या. जिनें पहाटे जात्याशीं आपलें दुःख नांव घेऊन उच्चारलें, तिला तें पुढें चारचौघांत उच्चारणें सोपें झालें असावें. गाण्यानें छप्पर शाकारलें जात नाहीं हें खरें. पण खचलेला मनुष्य शिडीवर चढत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. म्हणून कसोटी अशी ठेवावी : जी संवय आपल्याला दुःखाचें नांव घेऊं देते व कामाला उभें करते ती निगा, जी दुःखाचें नांवच घेऊं देत नाहीं ती गुंगी.

ह्या कसोटीला उतरणाऱ्या संवयी घरोघर करण्याजोग्या आहेत, आणि त्यांना खर्च जवळजवळ नाहीं. उजाडतांच खिडकी उघडून प्रकाशांत यावें; सकाळच्या उजेडानें झोंपेचें घड्याळ ठिकाणावर येतें. थोडें चालावें. एक लहान काम हातीं घेऊन तें पुरें करावें, मग तें भांडीं विसळण्याचें कां असेना. सलणारी गोष्ट वहींत चार ओळींत लिहावी. दिवसाकाठीं एका तरी माणसाशीं कामावांचून बोलावें. ह्यांपैकीं एकहि गोष्ट दुःखाचें औषध नव्हे, आणि तसा दावाहि करूं नये. झोंप व भूक आठवड्यामागून आठवडे उडाली असेल, किंवा जगणेंच नकोसें वाटत असेल, तर तो आजार समजून वैद्यकीय साह्य घेतलें पाहिजे. केंद्र सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठींच आहे. तापाला डॉक्टर लागतो हें मानणाऱ्यानें येथें संकोच धरण्याचें कारण नाहीं.

एक गोष्ट मात्र राहिली, आणि ती मला सर्वांत उशिरां कळली. जात्याचे दिवस परत यावेत असें म्हणणें क्रूरपणाचें होईल. त्या दळणानें बायकांचे खांदे मोडत. गिरणी आली हें बरेंच झालें. पण दळणाबरोबर ती पहाटेची घटकाहि गेली, जींत घरांतलें कोणी तिला हांक मारीत नसे. कष्ट कमी झाले, म्हणून मोकळा वेळ तिच्या पदरीं आपोआप पडला असें मुळींच नाहीं. तो घरानें दुसऱ्या कामांत वळता करून घेतला. मनाची निगा हें स्वतःचें कर्तव्य खरें. पण तिला लागणारा निवांत वेळ बहुधा दुसऱ्याच्या हातीं असतो, आणि तो सोडणें हें त्या दुसऱ्याचें कर्तव्य ठरतें.

माझी पत्नी पहाटे उठून मागील दाराच्या पायरीवर डोंगराकडे तोंड करून बसत असे. ती तेथें काय करते, हें मीं तिला कधीं विचारलें नाहीं. मी जागा होतांच चहासाठीं हांक मारीत असें, आणि ती लगेच उठत असे. आतां मी त्याच वेळीं उठतों, चहा स्वतः करतों, आणि तिच्या झाडांना पाणी घालून त्या पायरीवर बसतों. त्यानें दुःख गेलें आहे असें नाहीं. पण मुलीचा दूरध्वनी आला म्हणजे आतां मी तिला "तुझा चहा झाला का ? आज थोडी निवांत बसलीस का ?" असें आधीं विचारतों, आणि तिचें उत्तर पुरतें ऐकून घेतों.